जुन्या कॅमेऱ्याचं लाइट मीटर: आधी तपासणीचे पैसे, मग दुरुस्ती

व्हिडिओमध्ये मल्टीमीटरवरचे आकडे भराभर पुढे गेले. वही घेऊन बसणाऱ्यांसाठी तीच तपासणी इथे सावकाश लिहून देतो, आणि व्हिडिओत वेळेअभावी राहिलेला पैशांचा हिशोबही मांडतो.

हा विषय घ्यायचं कारण असं की खेड्यात राहून करता येईल असं हे काम आहे. उदाहरण आपलं पारगावचंच घ्या. पारगाव म्हटलं की लोक आधी विचारतात, कुठलं? जुन्नर तालुक्यातलं पारगाव तर्फे आळे, की आंबेगावातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं? दोन्हीकडे उत्तर एकच आहे: गावात याचं गिऱ्हाईक बोटावर मोजण्याइतकं. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत आहे. फिल्मवर फोटो काढायची हौस पुन्हा लागलेली तरुण मुलं, सिनेमॅटोग्राफी शिकणारे विद्यार्थी, जुने कॅमेरे जमवणारे लोक. पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी असे कॅमेरे विकायला येतात, आणि घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "मीटर चालतं का?" बहुतेक वेळा विकणाऱ्यालाच ते माहीत नसतं. तुमची जागा तिथे आहे. कुरिअर गावापर्यंत येतं, गाळ्याला भाडं नाही, आणि मीटर तपासायला लागणारं स्वच्छ ऊन पावसाळा सोडला तर आपल्याकडे रोज फुकट आहे.

पण या कामात पैसा एका ठिकाणी बुडतो. कॅमेरा उघडला, दोन दिवस खटपट केली, आणि शेवटी कळलं की सेलच मेलाय. गिऱ्हाईक म्हणतं, दुरुस्त झालं नाही तर पैसे कसले? म्हणून उघडायच्या आधीच, पंधरा-वीस मिनिटांत, हे होणार की नाही ते सांगता आलं पाहिजे. आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे वेगळे घेतले पाहिजेत.

मीटर कोणत्या जातीचं?

जुन्या मीटरच्या मुख्य जाती दोन. पहिली सेलेनियमची. समोर मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा बुडबुड्यांची काच दिसते आणि बॅटरीचं झाकण कुठेच नसतं. ऑलिंपस ट्रिप ३५, झेनिट-ई आणि वेस्टनची हातात धरायची मीटरं ही याची उदाहरणं. वेस्टन कंपनीने सेलेनियम सेलचं पहिलं एक्सपोजर मीटर १९३२ साली बाजारात आणलं. लोखंडी पत्र्यावर सेलेनियमचा थर, त्यावर प्रकाश आरपार जाईल इतका पातळ धातूचा थर. प्रकाश पडला की वीज तयार होते आणि त्या विजेवर सुई हलते. सोलर पंपाच्या पॅनेलचा आजोबाच म्हणा.

दुसरी जात कॅडमियम सल्फाइडची. हिला सगळे सीडीएस म्हणतात. यात बॅटरी लागते. हा सेल स्वतः वीज तयार करत नाही, प्रकाश वाढला की त्याचा विरोध कमी होतो इतकंच. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, पेंटॅक्स के १०००, यशिका मॅट १२४ जी या जातीचे.

फरक एवढा खोलात सांगतोय कारण तुमचा भाव यावरच ठरतो. सीडीएसच्या मीटरमध्ये बिघाड बहुतेक वेळा बॅटरीच्या खाचेत, तारेत किंवा स्विचमध्ये निघतो, म्हणजे दुरुस्त होतो. सेलेनियमचा सेल ओल लागून किंवा वयाने गेला की परत जिवंत होत नाही. उन्हात ठेवा, तापवा, काही केलं तरी नाही. इंटरनेटवर यावर भरपूर जादू विकली जाते, तिच्या नादी लागू नका. दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्यातला चांगला सेल काढून बसवणे हा खरा उपाय. त्यासाठी मोडके कॅमेरे स्वस्तात मिळाले तर घेऊन ठेवायचे.

न उघडता तपासणी

कॅमेरा हातात आला की आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, बॅटरीचं झाकण उघडून, सुई जिथे थांबलीय तिथला. नंतर "हा ओरखडा आधी नव्हता" हा वाद होत नाही.

मग सुई. काच हाताने झाका, सुई शून्यावर यायला हवी. कॅमेरा हळूच डावीकडे-उजवीकडे कलता करा. सुई थोडी डुलली तर ती मोकळी आहे. अजिबात डुलली नाही तर अडकलेली आहे, कचऱ्याने, गंजाने किंवा वाकल्यामुळे. आपटून सोडवायची नाही. या सुईचे टेकू घड्याळातल्या टेकूंइतके नाजूक असतात.

सीडीएस असेल तर आता बॅटरी बघा. झाकण नाण्याने उघडतं. आत हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, तो बॅटरीतून गळालेला क्षार आहे. कान साफ करायच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर खाचेत ओतायचं नाही, ते तारेवाटे आत उतरतं. पुसूनही मीटर हललं नाही तर खाचेतून आत जाणारी तार काळी पडलीय का बघा. क्षार तारेच्या आत, प्लॅस्टिकच्या खालून चढत जातो. अशी तार साफ होत नाही, बदलावीच लागते. तार बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि गिऱ्हाइकाला कॅमेरा जिवंत झाल्यासारखा वाटतो. या धंद्यातला सर्वांत चांगला पैसा याच कामात आहे.

जुनी बॅटरी पाऱ्याची असेल तर ती फोडू नका, तापवू नका, उकिरड्यावर टाकू नका. झाकणाच्या बरणीत साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आपल्या भागात उकिरडा आणि विहीर यांत किती अंतर असतं ते तुम्हाला माहीत आहे.

या पाऱ्याच्या बॅटरीमुळेच निम्मे गोंधळ होतात. जुनी पीएक्स ६२५ बॅटरी १.३५ व्होल्टची होती आणि शेवटपर्यंत तेवढाच दाब देत असे. पाऱ्यामुळे ती बंद झाली. आता दुकानदार त्याच आकाराची अल्कलाइन देतो, ती १.५ व्होल्टची. मीटर चालतं, पण प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं आणि फोटो काळपट येतात. गिऱ्हाईक म्हणतं, मीटर बिघडलंय. बिघडलेलं काहीच नसतं. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते, ती घ्या. व्यासाने लहान आहे, म्हणून भोवती रबराची किंवा धातूची कडी बसवावी लागते. स्टिकर काढल्यावर दोन-तीन महिन्यांतच संपते, हे आधीच सांगून ठेवा. स्पॉटमॅटिकचं सर्किट मात्र असं बनवलंय की दाब थोडा बदलला तरी फारसा फरक पडत नाही. तिथे उगाच बॅटरीची भीती घालून पैसे काढू नका.

मल्टीमीटर लावताना

आतापर्यंत कळलं नाही तरच वरचं झाकण उघडायचं. सेलेनियम सेलची एक तार सोडवा आणि उन्हात मल्टीमीटर लावा. बरेच जण फक्त व्होल्टेज बघतात आणि फसतात. थकलेला सेलही ०.३ ते ०.५ व्होल्ट दाखवू शकतो, पण सुई ढकलण्याइतका करंट त्याच्यात नसतो. म्हणून मायक्रोअँपिअरच्या रेंजवर करंट मोजा. सेलच्या आकारानुसार आकडा बदलतो, म्हणून त्याच मॉडेलच्या चालू मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. अशी वही दोन वर्षांत तुमच्या हत्यारांपेक्षा महाग होईल. सीडीएस सेलचा विरोध मोजायचा: अंधारात लाखो ओम, उन्हात शेकड्यात किंवा हजारात यायला हवा. मोजायच्या आधी सेल मिनिटभर झाकून ठेवा, कारण भडक उजेडाची आठवण त्याला काही वेळ राहते आणि आकडा चुकतो.

सुईची कॉइल तपासताना मल्टीमीटर ओमच्या रेंजवर कधीही थेट लावू नका. सुई जोरात आपटून वाकते किंवा कॉइल जळते. दीड व्होल्टची पेन्सिल सेल घ्या, मध्ये एक लाख ओमचा रेझिस्टर टाका, म्हणजे १५ मायक्रोअँपिअरच जातील. तेवढ्यावर सुई हलली तर कॉइल ठीक, दोष सेलचा किंवा तारेचा. असे रेझिस्टर पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत अगदी किरकोळ किमतीत मिळतात.

शेवटी जुळवणी. स्वच्छ उन्हात, दुपारच्या आसपास, आयएसओ १०० आणि एफ/१६ ला मीटरने साधारण १/१२५ सेकंद सांगायला हवं. मग सावलीत आणि घरात चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून बघा. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच, समजा एक स्टॉप कमी, असेल तर काही उघडायची गरज नाही. शंभरची फिल्म घालून मीटर दोनशेवर ठेवा, असं गिऱ्हाइकाला लिहून द्या. उन्हात बरोबर आणि सावलीत मोठी चूक असेल तर सेल थकलाय. त्याची हमी देऊ नका.

हिशोब

समजा मंचरच्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी झेनिट-ई पाठवला. तपासणीचे ३०० रुपये आधी घ्या, दुरुस्ती करायची ठरली तर तेच पैसे बिलात वजा करा. सेल मेलेला निघाला तर त्यांना फोन करून सरळ सांगा, "काका, मीटर होणार नाही. पण याचं शटर यंत्रावर चालतं, त्याला मीटर लागत नाही. मोबाइलवरच्या लाइट मीटर अॅपने उजेड मोजा आणि कॅमेरा वापरा." ट्रिप ३५ असेल तर गोष्ट वेगळी. त्यात ऑटोची सगळी मदार सेलवर आहे. सेल गेला की लाल पट्टी वर येते आणि शटर दबत नाही. छिद्राचा आकडा हाताने लावला तर तो १/४० सेकंदावर चालतो, एवढंच. हे ऐकून बरेच जण कॅमेरा सुट्या भागांसाठी तुम्हालाच विकतात, म्हणजे पुढच्या दुरुस्तीचा सेल तुमच्याकडे आला.

काही जण विचारतात की ३०० रुपये कोण देणार. जो देणार नाही तो दुरुस्तीचे १,५०० सुद्धा देणार नाही, फक्त तुमचे दोन दिवस घेईल. आणि उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी कोणी दोन हजार मागितले तर देऊ नका.

पावतीवर चार गोष्टी लिहा: सुई मोकळी आहे का, सेलचा आकडा, कोणती बॅटरी टाकली, आणि ऊन, सावली, घर या तीन ठिकाणची चूक. कॅमेरा परत पाठवताना बॅटरी काढून वेगळ्या पुडीत ठेवा, सेलच्या काचेवर मऊ कापड लावा, आणि खोक्यात सगळीकडून किमान दोन बोटं गादी राहील असं भरा. नाहीतर तुम्ही मोकळी केलेली सुई प्रवासातल्या दणक्यांनी पुन्हा अडकायची.