आकड्याच्या पोटातली जाडी

एकपदरी कार्बन नॅनोट्यूबची भिंत एका अणूइतकीच जाड असते आणि नॅनोयामिकीतला पहिला अवघड प्रश्न तिथेच उभा राहतो. 1996 मध्ये याकोबसन, ब्राबेक आणि बर्नहोल्क यांनी या नळीचा ताठरपणा सांगणारा यंग गुणांक 5.5 टेरापास्कल दिला. बहुतेक ठिकाणी तो 1 टेरापास्कलच्या आसपास सापडतो. दोघांचे अणू सारखेच वागतात. वेगळी आहे ती गृहीत धरलेली जाडी. त्या तिघांनी नळीच्या वाकण्याशी जुळेल अशी 0.066 नॅनोमीटर जाडी धरली, इतर जण ग्रॅफाइटच्या दोन थरांतले अंतर, म्हणजे सुमारे 0.34 नॅनोमीटर धरतात. गुणांकाला जाडीने गुणले की दोन्हीकडे साधारण 350 न्यूटन प्रति मीटर येतात. 2008 मध्ये कोलंबिया विद्यापीठात ताणलेल्या ग्राफीनला, म्हणजे अशाच एका अणूइतक्या जाडीच्या सपाट थराला, बारीक टोकाने दाबून पाहिले, तेव्हाही मोजमाप 340 न्यूटन प्रति मीटर असेच निघाले. प्रसिद्ध झालेला टेरापास्कल हा त्याला जाडीने भागून आलेला आहे.

म्हणून या विषयात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीने सॉफ्टवेअरआधी पदार्थ अखंड मानणारी सांतत्यक यामिकी कागदावर सोडवून शिकावी. ताण म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शाळेतले वाक्य. पण क्षेत्रफळच वादात असेल तेव्हा काय करायचे, हे ते वाक्य पचलेल्यालाच उमगते.

काळाचे गणितही तितकेच फसवे आहे. अणूंची हालचाल संगणकावर पावलापावलाने मोजणाऱ्या मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये एक पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचे, म्हणजे दहा लाख पावलांनंतर जेमतेम एक नॅनोसेकंद सरतो. तेवढ्यात तांब्याची तार दहा टक्के ताणायची, तर विकृतीचा वेग सेकंदाला दहा कोटी होतो. प्रयोगशाळेतले यंत्र तीच तार सेकंदाला एक सहस्रांश अशा वेगाने सावकाश ओढते. हा अकरा शून्यांचा फरक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच मोकळेपणाने लिहावा. त्याने काम हलके ठरत नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. अनीसुर रहमान यांचा 1964 चा निबंध यासाठी आवर्जून वाचावा. हैदराबादेत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne) राष्ट्रीय प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉनचे अवघे 864 अणू संगणकावर हलवले आणि मिळालेली रचना व विसरण प्रयोगातल्या मोजमापांशी ताडून दाखवले. आजचे संगणक कोट्यवधी अणू पेलतात. ताडून पाहण्याची ती शिस्त मात्र अणूंच्या संख्येबरोबर आपोआप वाढत नाही.

अणूंमधले बल कोणत्या सूत्राने धरले, याचीही चौकशी हवी. आर्गॉनला चालणारे सूत्र तांब्याला चालत नाही. धातूंसाठी डॉ (Daw) आणि बास्केस यांची 1984 ची पद्धत आली ती त्यामुळेच. तीही बहुधा घन धातूच्या गुणधर्मांवर बेतलेली असते, आणि नॅनोतारेत तर पृष्ठभागच मोठा असतो.

पोटापाण्याचे बोलायचे, तर सांतत्यक यामिकीवर उभी असलेली फायनाइट एलिमेंट पद्धत जाणणाऱ्याला पुण्याच्या वाहन उद्योगात काम मिळते. निव्वळ अणुपातळीवरच्या कामाला भारतात मुख्यतः संशोधन संस्था आणि विद्यापीठेच आहेत, आणि तिथल्या जागा थोड्या. दोन्ही पातळ्यांवर हात बसलेला असणे म्हणूनच शहाणपणाचे. प्रोग्रामिंग नीट येत असेल, तर वाट आणखी रुंदावते.

हा विषय देवाणघेवाणीवर उभा आहे. मॉलिक्युलर डायनॅमिक्सचा लॅम्प्ससारखा प्रोग्राम फुकट आणि खुला मिळतो, कारण अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तो खुला केला आणि जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. घेणाऱ्यानेही आपल्या इनपुट फाइली निबंधासोबत द्याव्यात, फसलेल्या धावाही नोंदवून ठेवाव्यात. मार्गदर्शक निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, संगणकाचा वेळ किती मिळेल, आणि तारा प्रत्यक्ष ओढून पाहणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेशी गटाचे जाणे-येणे आहे का. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले, तर दुसरा गट पाहावा.