प्रसूतीत इजा झाली, भरपाई मागायची आहे: आधी फाइल, मग वकील

बाळ उशिरा रडले, काचपेटीत ठेवले आणि आता मेंदूला प्राणवायू कमी पडला असे सांगतात. किंवा बाळाचा एक हात वर उचललाच जात नाही. किंवा आईची जखम शौचमार्गापर्यंत गेली आणि महिने उलटले तरी त्रास थांबत नाही. प्रसूतीच्या वेळी हलगर्जी झाली असा तुमचा संशय असेल, तर पहिल्या आठवड्यात वकिलाच्या मागे धावू नका. कागद मिळवा. अशा प्रकरणांत पुढची सगळी वर्षे त्या फाइलवरच उभी राहतात.

रुग्णालयाला साधा अर्ज लिहा: आईच्या आणि बाळाच्या संपूर्ण केसपेपरच्या प्रती द्याव्यात. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर तारीख आणि सही-शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. बिल भरले नसेल तरी अर्ज द्या, त्या नियमात बिलाची अट नाही. झेरॉक्सचे वाजवी पैसे द्यायला हरकत नाही. ‘फाइल चार्ज’ म्हणून मोठी रक्कम सांगितली तर पावती मागा. याच नियमांत नोंदी जपण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षे आहे. ‘बाळ जरा मोठे होऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांच्या हाती पुढे काहीच लागत नाही.

डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. त्यावर दोन ओळींपलीकडे फारसे काही नसते. नाव घेऊन मागा: कळांची आणि तपासण्यांची वेळेनुसार नोंद (पार्टोग्राफ), बाळाच्या ठोक्यांच्या पट्ट्या (सीटीजी), नर्सच्या नोंदी, कळा वाढवण्याचे इंजेक्शन कधी आणि किती दिले तो औषधांचा तक्ता, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावल्याची नोंद, संमतिपत्र, जन्मानंतरचा अपगार गुणांक, नवजात अतिदक्षता विभागाचे कागद, दुसरीकडे हलवताना दिलेली चिठ्ठी. बाळाचा एमआरआय झाला असेल तर अहवालाबरोबर सीडीही घ्या. ठोक्यांची पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते आणि काही महिन्यांत फिकी पडते. मिळाली त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, झेरॉक्स करा. लॅमिनेट मात्र करू नका, त्या उष्णतेने कागद काळा पडतो. हे माहीत नसल्याने मुख्य पुरावा गमावू नका.

सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचाही अर्ज टाका: शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस.

आता कुठे जायचे? खासगी रुग्णालय असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. बिल विमा कंपनीने भरले असले तरी तुम्ही ग्राहकच. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली: रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईला दर तारखेला तिकडे जावे लागत नाही.

शुल्काबाबत हमखास दिशाभूल होते. आयोगाचे शुल्क तुम्ही मागता त्या भरपाईवर ठरत नाही. तुम्ही रुग्णालयाला दिलेल्या पैशांवर ठरते. पाच लाखांपर्यंत शून्य, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००, पन्नास लाखांपर्यंत १००० रुपये. म्हणजे बिल ८५ हजारांचे आणि मागणी दोन कोटींची असेल, तरी शुल्क काहीच नाही आणि प्रकरण जिल्हा आयोगातच. ‘मोठी रक्कम मागितली तर कोर्ट फी वाढेल’ असे सांगून कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठा. न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. ५०० रुपयांचा स्टॅम्प घेण्याआधी आयोगाच्या कार्यालयात विचारा. तक्रार ऑनलाइनही भरता येते. प्राथमिक माहितीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मुदत दोन वर्षे. उशीर झाला तर सबळ कारणासह माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असे नाही. बाळाच्या जन्मतारखेपासूनच दोन वर्षे मोजा आणि त्याआधी तक्रार दाखल करा. ‘मूल अज्ञान आहे, त्याला अठरा वर्षांपर्यंत मुदत असते’ या भरवशावर राहू नका. तक्रारीत मुलाच्या बरोबरीने आईवडिलांनीही आपल्या नावाने भरपाई मागावी. मूल आणि पालक दोघेही ग्राहक ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले आहे.

खरा खर्च तज्ज्ञाच्या मताचा. परिणाम वाईट झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. काय करायला हवे होते, ते केले नाही, आणि त्यामुळेच इजा झाली, ही साखळी जुळावी लागते. सेरेब्रल पाल्सीची कारणे अनेकदा गरोदरपणातच असतात, प्रसूतीत नसतात. हे ऐकणे फार जड जाते, पण तक्रारीआधीच ऐकलेले बरे. म्हणून रुग्णालयाशी संबंध नसलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि नवजात शिशुतज्ज्ञाला फाइल दाखवा. आधी फक्त ‘प्रकरणात दम आहे का’ एवढे तोंडी मत घ्या, त्याची फी कमी असते. लेखी अहवाल नंतर. फी ठरवताना एक प्रश्न विचाराच: उलटतपासणीची वेळ आली तर येणार का, आणि त्याचे वेगळे पैसे किती? प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. तरी प्रसूतीच्या प्रकरणात त्याशिवाय उतरू नये, असे मला वाटते.

वकिलाची फी टप्प्यांत ठरवा: तक्रार, पुरावा, युक्तिवाद, अपील. टंकलेखन, प्रवास, तारखेचे पैसे फीमध्ये धरले आहेत की वेगळे, हे लिहून घ्या. ‘आता काही देऊ नका, मिळेल त्याचे तीस टक्के’ हा सौदा भारतात वकिलाला करताच येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. रुग्णालयाबाहेर भेटणारा मध्यस्थ असे बोलला तर त्याच्याकडे एकही मूळ कागद देऊ नका. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आई आणि बाळ, दोघेही पात्र. ही सोय कोणी आपणहून सांगत नाही.

सगळ्यांनाच मोफत सेवा देणारे सरकारी रुग्णालय असेल तर ग्राहक आयोगाचे दार बंद. केसपेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणजे मोबदला दिला असे धरत नाहीत. मग वाट दिवाणी न्यायालयाची. तिथे शासनाला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर लागते. तिथली मुदत वेगळी मोजतात, म्हणून वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा. ‘सरकारविरुद्ध काय मिळणार’ असे मनाशी धरू नका. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून एक बाई दगावली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनालाच जबाबदार धरले.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरांवर कारवाई करू शकते, भरपाई देऊ शकत नाही. पोलिसांत गेल्यानेही पैसे मिळत नाहीत.

वेळ? कायद्यात काही महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात वर्षे जातात. चेन्नईत १९९६ मध्ये वेळेआधी जन्मलेल्या मुलीची डोळ्यांची तपासणी राहून गेली आणि तिची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये दिले, तेव्हा २०१५ उजाडले होते. पुढच्या वर्षांची महागाईही त्या आकड्यात धरली होती. म्हणून आजपासून खर्चाची वही ठेवा: फिजिओथेरपी, औषधांची पक्की बिले, रिक्षाभाडे, आईची सुटलेली नोकरी. थेरपी निकालापर्यंत थांबवू नका. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ती मोफत मिळते. सेरेब्रल पाल्सी असेल तर ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढून ठेवा, पुरावा म्हणूनही कामाला येते.

मध्येच तडजोडीचा निरोप येईल. ‘बिल माफ करतो, इथे सही करा’ म्हणतील. ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर घरी नेऊन वाचल्याशिवाय सही नाही. तडजोड करायची तर आयोगासमोर, मुलाचा वाटा वेगळा लिहून.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर रुग्णालयाला अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मुलाची रक्कम बऱ्याचदा सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेवीत ठेवायला सांगतात. त्या काळात थेरपीचे पैसे कुठून आणणार? म्हणून मूळ तक्रारीच्या मागण्यांतच एक ओळ घाला: ठेवीचे व्याज दर महिन्याला आईच्या खात्यात जमा व्हावे.