देशाचं कर्ज, कामगाराचा निधी

१२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. पत्रकार म्हणून तेव्हापासून मी या कर्जाच्या पुनर्रचनेचा पाठपुरावा केला. त्यातून मनावर ठसलेल्या या पाच गोष्टी.

१. फेड झेपत नसेल तर लवकर सांगावं. जानेवारी २०२२ मध्ये ५० कोटी डॉलरचे रोखे फेडले गेले. मे महिन्यात वापरण्याजोगी गंगाजळी ५ कोटी डॉलरच्याही खाली होती. इंधन, गॅस, औषधं आणायची कशातून? उशिराची किंमत रांगेतल्या माणसांनी मोजली.

२. धनको एकदिलाचे नसतात. चीनची एक्झिम बँक स्वतंत्र बोलत होती, भारत-जपान-फ्रान्सच्या पुढाकाराची समिती वेगळी, खासगी रोखेधारक आणखी वेगळे. आपण सोडलेले पैसे दुसऱ्याच्या खिशात जातील, ही भीती सगळ्यांनाच. वर्षं जातात ती इथे.

३. पहिली हमी कोंडी फोडते. धनको कर्जात सवलत देतील या हमीशिवाय आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज अडलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये भारताने सर्वांआधी हमी दिली. मार्चमध्ये सुमारे ३०० कोटी डॉलर मंजूर झाले. शेजारधर्म म्हणतात तो हाच; मला त्याचा अभिमान आहे.

४. सवलतीच्या आकड्याखालच्या अटी वाचा. खासगी रोखेधारकांनी मुद्दलात २७ टक्के कपात मान्य केली, हे मथळ्यात आलं. अर्थव्यवस्था अपेक्षेहून जास्त वाढली तर त्यांना जास्त पैसे द्यावे लागतील, ही अट मागे राहिली.

५. चर्चेला न बोलावलेल्यांचा वाटा तपासा. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची पाळी आली. बँका डळमळू नयेत म्हणून त्यांना वगळलं. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीपुढे मात्र दोनच वाटा ठेवल्या: कमी व्याजाचे नवे रोखे घ्या, नाहीतर रोख्यांच्या उत्पन्नावर १४ ऐवजी ३० टक्के कर भरा. आदल्या वर्षी सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेलेल्या महागाईने या बचतीचा कस आधीच कमी केला होता. कातुनायकेच्या कापड कारखान्यांतल्या ज्या महिलांशी मी बोललो, त्यांना आपली पुंजी सरकारी रोख्यांत आहे हेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

रोखेधारकांकडे वकील होते, सल्लागार होते. पुढच्या वेळी, कुठल्याही देशात, कामगारांचा प्रतिनिधी पहिल्या बैठकीपासून हवा आणि त्यांच्या निधीचं किती नुकसान होणार, हे सही होण्याआधी त्यांच्या भाषेत जाहीर व्हायला हवं.