गाळा घेण्याआधी माणसं मोज

होटगी रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये नाष्टा सेंटरसाठी गाळा बघून आलास, चांगलं केलंस. पण "इथं हजार माणसं कामाला येणार" हे तुला कुणी सांगितलं? गाळेवाल्यानं. तो सगळे मजले भरलेले धरून बोलतो. बाळा, आपल्याला गिऱ्हाईक लागतं ते आज खुर्चीवर बसलेलं.

आमच्या वडिलांच्या वेळी हे सोपं होतं. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी गिरणीचा भोंगा वाजला की पाळी सुटायची आणि किती माणूस बाहेर पडतंय ते दुकानात बसल्या बसल्या दिसायचं. गिरण्या गेल्या, कामगार विखुरला. अक्कलकोट रोडला टॉवेल-चादरीचे कारखाने, चिंचोळीला मोठ्या कंपन्या, बिडीवाल्या बाया तर घरीच बिड्या वळतात. बिडीच्या ब्रँचमध्ये नोकर चार दिसतील, पण माल जमा करायला सकाळी शेकडो बाया येतात. म्हणून पाटीवरून किंवा इमारतीच्या आकारावरून अंदाज बांधू नकोस.

चौरस फुटांचा हिशोब तर अजिबात करू नकोस. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ऑफिसला माणशी 10 चौरस मीटर आणि गोदामाला 30 धरलेत खरे, पण ते आग लागली तर जिने पुरावेत म्हणून. रोजची हजेरी त्यातून कळत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये जागा माग खातात आणि एकेक कामगार दोन-चार माग सांभाळतो.

ईपीएफओच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाक. कोणत्या महिन्यात किती जणांचा फंड भरला ते दिसतं, त्याला पैसे पडत नाहीत. मात्र कंपनीच्या पुण्या-मुंबईच्या शाखाही त्याच आकड्यात असू शकतात, आणि वीसपेक्षा कमी माणसांची ऑफिसं बहुधा त्यात सापडतच नाहीत. आपल्या जुळे सोलापुरात तीच जास्त.

खरा आकडा चहावाल्याकडे. अकराच्या सुमाराला तो किटली आणि ग्लासांची जाळी घेऊन जिना चढतो, तेव्हा कुठल्या ऑफिसात किती कप जातात, कुठं गेल्या महिन्यापासून कमी झाले, कुणाचं खातं थकलंय, सगळं त्याला तोंडपाठ असतं. त्याच्याकडे आठवडाभर चहा पी, मग विषय काढ. पहिल्याच दिवशी विचारलंस तर तो तुला उद्याचा प्रतिस्पर्धी समजेल, आणि त्याचं चुकणारही नाही.

त्यानंतर स्वतः गेटवर उभा राहा. सकाळी साडेनऊ ते साडेदहा, दुपारी एक ते दोन, संध्याकाळी सुटायच्या वेळी. पगार झाल्या झाल्या एकदा आणि महिनाअखेरीला एकदा, दोन्ही वेळा. आत जाणारी डोकी मोजायचीच, पण त्याहून महत्त्वाचे डबे. आपला सोलापूरकर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेऊन निघतो. समज, खुर्च्या 600 आणि हजर 450. त्यातले 300 डबेवाले गेले. उरलेल्या 150 मधले निम्मे जेवायला घरी, कारण घर आसरा चौकाच्या पुलापलीकडेच. राहिले 75. तिथं आधीच तीन नाष्टेवाले आहेत, म्हणजे तुझ्या वाट्याला वीसेक. माणशी 60 रुपये धरले तर दिवसाला 1200. यातून भाडं, गॅस, पोऱ्याचा पगार काढून दाखव मला.

आणि माणूस जिथं काम करतो तिथंच बाजार करतो असं नाही. कुंभारीच्या रे नगरमध्ये जानेवारी 2024 मध्ये कामगारांना 15,000 घरांचा ताबा मिळाला. तिथल्या बाईचा किराणा तिच्या घराजवळच्या दुकानातून जाणार, कारखान्यासमोरच्या नाही. तुला आसरा चौकातून पुलावरून जुळे सोलापुरात परतणारा माणूस हवा असेल, तर जागा घराकडे जाणाऱ्या डाव्या अंगाला बघ. गाडी वळवून रस्ता ओलांडायला संध्याकाळी कुणी तयार नसतं.

आयटी पार्कची घोषणा झाल्यापासून या भागात सगळेच भाडं चढवून सांगतायत. तू लिव्ह अँड लायसन्स 11 महिन्यांचंच कर. वरचे मजले भरेपर्यंत भाडं कमी आणि भरल्यावर वाढवून, असं लेखी मागून बघ. मालक नाही म्हणाला तर वरच्या मजल्यांच्या मीटरवर रीडिंग किती आहे, ते त्याच्या समोरच वाचून दाखव.