चेहऱ्याची अमानत आणि सुरकुत्यांवरील सुई



वय चेहऱ्यावर उमटणे ही अल्लाह तआलाने घालून दिलेली रीत आहे. सूरह अर्-रूममध्ये मानवी आयुष्याचा क्रम सांगितला आहे : प्रथम दुर्बलता, नंतर बळ आणि बळानंतर पुन्हा दुर्बलता व पिकलेले केस. जन्मलेला प्रत्येक जीव या वाटेवरचा वाटसरू आहे. तरीही ही वाट काही महिने थोपवून धरण्याचे आश्वासन देणारी इंजेक्शने आज सर्रास घेतली जातात. घरात लग्नकार्य निघाले की भगिनी विचारतात आणि अलीकडे पुरुषही विचारू लागले आहेत : “सुरमा चालतो, मेंदी चालते, मग कपाळावर एक सुई टोचून घेतली तर काय बिघडले?”

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. परंतु एखाद्या गोष्टीचा हुकूम सांगण्यापूर्वी ती गोष्ट मुळात काय आहे हे जाणून घेणे, ही फिकहची पहिली पायरी आहे.

सुईत काय असते?

लोक ज्याला सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणतात, ते एका उत्पादनाचे व्यापारी नाव आहे. मूळ द्रव्याचे नाव बोट्युलिनम टॉक्सिन. टॉक्सिन म्हणजे विष. दूषित अन्नातून, विशेषतः नीट न टिकवलेल्या डबाबंद पदार्थांतून, ज्या जंतूमुळे बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होतो, त्याच जंतूचे हे विष अत्यंत सूक्ष्म मात्रेत वापरले जाते. मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा जो संदेश मिळतो, तो हे विष अडवते. स्नायू शिथिल पडतो आणि त्याच्या हालचालीने पडणारी सुरकुती दिसेनाशी होते. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. नंतर पुन्हा सुई, पुन्हा खर्च, पुन्हा जोखीम.

येथेच सुरम्याशी केलेली तुलना कोलमडते. सुरमा आणि मेंदी वरून लावल्या जातात आणि शरीराचे कोणतेही कार्य थांबवत नाहीत. ही सुई मात्र अल्लाहने स्नायूला दिलेली हालचालच रोखून धरते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेच द्रव्य औषध म्हणून मोलाचे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ साली त्याला तिरळेपणा आणि पापण्यांचे अनावर आकुंचन यांवरील उपचारासाठी मान्यता दिली. भुवयांमधील आठ्यांसाठीची मान्यता त्यानंतर, २००२ साली आली. जुनाट अर्धशिशी आणि स्नायूंचा ताठरपणा यांवरही डॉक्टर ते वापरतात. अशा आजारात ते घेणे हा उपचार आहे आणि उपचार घेण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवणच दिली आहे. अशा रुग्णाने मनात शंका बाळगून उपचार टाळू नये.

अपाय कोणते?

सुई टोचलेल्या जागी दुखणे, सूज येणे, काळेनिळे पडणे आणि डोकेदुखी हे नेहमी आढळणारे त्रास आहेत. द्रव्य शेजारच्या स्नायूंत पसरले तर पापणी खाली ओघळते, भुवई उतरते, डोळे कोरडे पडतात किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. तोंडाभोवती सुई दिली असेल तर हसू वाकडे होते, कधी लाळ गळते. बहुतेक वेळा हे त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. पण पापणी ओघळलेल्या नववधूच्या आईला तेवढे दिवस कमी वाटत नाहीत.

गंभीर अपाय विरळ असले तरी खरे आहेत. विषाचा परिणाम दूरवर पसरल्यास अशक्तपणा येतो, आवाज बसतो, गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होतो. ही लक्षणे काही तासांनी, तसेच काही आठवड्यांनीही दिसू शकतात. म्हणूनच २००९ साली अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतील ठळक इशारा छापणे बंधनकारक करण्यात आले. अशी लक्षणे दिसल्यास पार्लरला फोन करत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

बनावट माल आणि अननुभवी हात यांमुळे धोका कैक पटींनी वाढतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ११ राज्यांतील २२ जणींची नोंद जाहीर केली. त्यांना बनावट किंवा अयोग्य रीतीने हाताळलेल्या इंजेक्शनांनंतर त्रास झाला होता. त्यांतील निम्म्या जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले.

गर्भवती व स्तन्यदा मातांना हे इंजेक्शन टाळण्यास सांगितले जाते. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’सारखा मज्जा-स्नायूंचा आजार असलेल्यांना त्यापासून मोठा धोका असतो. काही प्रतिजैविकांबरोबर त्याचा परिणाम वाढतो. काही उत्पादनांत मानवी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिनही असते.

शरीअतचा दृष्टिकोन

सूरह अन्-निसामध्ये सैतानाची प्रतिज्ञा आली आहे : तो माणसांना फूस लावील आणि ते अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करतील. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा निषेध आहे. तेथील ‘सौंदर्यासाठी’ या शब्दावर उलमांनी बोट ठेवले आहे. उपचारासाठी किंवा व्यंग दूर करण्यासाठी केलेली गोष्ट या निषेधाबाहेर राहते. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत कापले गेले होते. त्यांनी बसवलेल्या चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असतानाही गरजेपोटी ही मुभा मिळाली.

केवळ सौंदर्यासाठी घेतलेल्या या सुईविषयी आजच्या उलमांमध्ये मतभेद आहेत. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने २००६ साली ती निषिद्ध ठरवली. इतर काही उलमा म्हणतात की परिणाम तात्पुरता असल्याने हा कायमचा फेरफार नव्हे. मात्र द्रव्य पाक असावे, अपाय नसावा आणि कोणाची फसवणूक होऊ नये, या अटी तेही घालतात. या अटी हलक्या नाहीत. अपाय होणारच नाही याची हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. स्थळ पाहायला आलेल्यांपासून वय लपवण्यासाठी सुई घेतली तर ती फसवणूक होय. लाभ मिळवण्यापेक्षा हानी टाळणे अग्रक्रमाचे, हा फिकहचा मान्य नियम आहे. म्हणून निव्वळ शोभेसाठी या वाटेला न जाणे हेच सुरक्षित आणि तकव्याला धरून आहे, असे माझे नम्र मत आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या भावाकडे पाहून स्मित करणे हा सदका आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. चेहरा आपल्याला केवळ पाहिला जाण्यासाठी मिळालेला नाही. दिलासा देण्यासाठी, काळजी आणि माया दाखवण्यासाठीही मिळाला आहे. त्याची हालचाल हीदेखील अमानतच.

घरातील बोलणी

या प्रश्नाचे मूळ पुष्कळदा आरशात नसून घरातील बोलण्यात असते. पती थट्टेने पत्नीला म्हातारी म्हणतो, नणंद-जावा लग्नसमारंभात टोमणे मारतात आणि एक स्त्री मुकाट्याने पार्लरचा पत्ता विचारते. सूरह अल्-हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास स्पष्ट मनाई आहे. तिच्या हाती सुई घ्यायला लावणारी जीभ या मनाईतून सुटत नाही. जिने आपल्या मुलांसाठी रात्री जागवल्या, तिच्या कपाळावरच्या रेषांचा आदर करणे हे त्या घराचे कर्तव्य आहे.

निर्णयापूर्वी

उपचार म्हणून इंजेक्शन घ्यायचे झाल्यास ते त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा त्या आजाराच्या तज्ज्ञाकडूनच घ्यावे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे किंवा आपल्या राज्याच्या परिषदेकडे तपासता येते. कुपी सीलबंद आहे का, तिच्यावर नाव व मुदत आहे का, हे पाहावे. आपले आजार, औषधे आणि गर्भारपण लपवू नये. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा झालेल्या हानीला जबाबदार असतो, असे हदीसमध्ये आले आहे. पार्लरमध्ये सुई हाती धरणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

ज्यांनी यापूर्वी अशी सुई घेतली आहे, त्यांनी निराश होऊ नये आणि इतरांनी त्यांना हिणवू नये. सुईचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. तौबाचा दरवाजा मात्र उघडाच आहे.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना त्याने दिलेल्या देहाची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या जिभांना एकमेकांचे मन जपायला शिकवो. आमीन.