राहुलाचा आरसा

आजचे वाचन : मज्झिम निकायातील ६१ वे सुत्त, अंबलट्ठिक-राहुलोवाद.

चांगलं काय नि वाईट काय, हे ओळखायचं कसं? भगवान बुद्धांनी याचं उत्तर आपल्या मुलाला, राहुलाला दिलं आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिकेत ते संध्याकाळी राहुलाकडे गेले. राहुलाने आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुतल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडंसं पाणी ठेवलं आणि सांगितलं, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग तेही पाणी फेकलं, भांडं उपडं केलं. खोट्याची लाज गेली, की माणूस कोणतंही पाप करायला मोकळा होतो.

सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्खू आणि उपासक-उपासिकांनी वरचेवर ऐकावेत असे धम्मोपदेश नावानिशी सांगितले आहेत. राहुलाला खोट्याविषयी केलेला उपदेश त्यांत आहे.

पुढे भगवंत आरशाचा दृष्टान्त देतात. आरशात चेहरा पाहावा, तसं प्रत्येक कर्म पाहावं : कायेचं, वाचेचं, मनाचं. तेही तीन वेळा : करण्याआधी, करताना आणि केल्यावर. प्रश्न एकच. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होईल का? होणार असेल तर ते अकुशल.

आता हा आरसा घरात आणून बघू. वडील गेले, जमीन वाटायची आहे. भाऊ बहिणीला म्हणतो, "ताई, सातबाऱ्यासाठी नुसती सही लागते गं." कागद मात्र हक्कसोडपत्राचा असतो. भाऊ म्हणेल, सगळेच असं करतात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण सुत्तात "सगळे करतात का?" हा प्रश्नच नाही. बहिणीचं नुकसान, भावाच्या मनात कायमची भीती, आणि सुरुवातच खोट्याने. आरशात स्पष्ट दिसतं. तिला सगळं समजावून सांगितलं आणि तिने राजीखुशीने, कुणाच्या दबावाशिवाय सोडलं, तर गोष्ट वेगळी. कागद तोच, पण चेतना वेगळी.

करण्याआधी कळलं तर करू नये. करताना कळलं तर तिथेच थांबावं. आणि सही होऊन गेली असेल तर? काया-वाचेने घडलेलं अकुशल कर्म झाकू नये, शास्त्यापाशी किंवा जाणत्या सोबत्यांपाशी उघड करावं आणि पुढे संयम ठेवावा, असं भगवंत सांगतात. मग या भावाने बहिणीपाशीच तोंड उघडायला नको का? मनातल्या अकुशल विचाराची स्वतःलाच लाज वाटली पाहिजे.

आणि तपासल्यावर कर्म कुशल दिसलं, तर आनंदाने राहावं. हेही विसरू नका. आरसा फक्त डाग दाखवायला नसतो.

आज एक करू या. बोलण्यापूर्वी एक श्वास थांबू आणि तो एक प्रश्न स्वतःला विचारू.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!