पानावरचे ‘प्रिंट’ बटण: काय करावे, काय टाळावे

जुलैअखेर पीकविम्याची मुदत जवळ आली की मेहकर, चिखली, खामगाव, कुठेही जा, सेतू केंद्रापुढे गर्दी असते. अर्ज ऑनलाइन, पैसे ऑनलाइन. पण पोचपावतीचा कागद हातात पडल्याशिवाय शेतकरी केंद्रातून हलत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. उद्या बँकेत किंवा कृषी कार्यालयात वाद झाला तर त्याच्याकडे दाखवायला तेवढाच कागद असतो. बुलढाणा जिल्ह्यात सेतू केंद्रे, शाळा, पतसंस्था, अडत दुकाने यांच्यासाठी वेबपाने तयार करणारी बरीच तरुण मुले आहेत. छपाईचे काम ती सगळ्यात शेवटी, घाईत उरकतात. ही टिपणे त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बटणामागे स्क्रिप्टची एकच ओळ असते, ‘विंडो.प्रिंट()’. १९९७ साली नेटस्केप नेव्हिगेटर ४ मध्ये ती आली. ती फक्त ब्राउझरची छपाईची खिडकी उघडते. कोणता प्रिंटर, किती प्रती, रंगीत की काळी, हे ठरवणे त्या ओळीच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे तो कागदावर उतरणारा मजकूर. म्हणून खरी मेहनत तिथे घ्या.

काय करावे

छपाईसाठी वेगळी मांडणी लिहा. सीएसएसमध्ये ‘@मीडिया प्रिंट’ असा भाग करून त्यात मेनू, जाहिराती, शोधपट्टी आणि खुद्द प्रिंटचे बटणही ‘डिस्प्ले: नन’ करा. ‘@पेज’ मध्ये कागद ए४ आणि समास मिलिमीटरमध्ये द्या. वर चिकटून राहणारी पट्टी, म्हणजे ‘पोझिशन: फिक्स्ड’, कागदावर प्रत्येक पानावर उमटते आणि खालचा मजकूर झाकते; छपाईत ती सुटी करा. डार्क मोड ठेवला असेल तर छपाईपुरता काळा मजकूर आणि पांढरा कागद स्पष्ट लिहा. एरवी मागचा काळा रंग छापला जात नाही, अक्षरे मात्र फिकी राहू शकतात, आणि पावती कोरी दिसण्याचा धोका असतो.

तक्ता पूर्ण छापला जातो का ते पाहा. बाजार समितीतल्या आवकेची यादी किंवा पतसंस्थेचा खातेउतारा पडद्यावर आडवा सरकवता येतो, कागदावर नाही. ‘ओव्हरफ्लो: स्क्रोल’ असलेल्या चौकटीतला जेवढा भाग त्या क्षणी दिसतो तेवढाच छापला जातो, उजवीकडचे रकाने गायब. छपाईत ती मर्यादा काढा. रकाने जास्त असतील तर कागद आडवा घ्या. रकान्यांची नावे ‘थेड’ मध्ये ठेवली की ती प्रत्येक पानावर पुन्हा येतात. ओळींना ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’ लावा, म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचे नाव एका पानावर आणि रक्कम दुसऱ्यावर असे होणार नाही.

मराठी फॉन्ट उतरेपर्यंत थांबा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता असा वेब फॉन्ट वापरत असाल तर ‘डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी’ ची वाट पाहून मगच छपाई सुरू करा. यात एक मेख आहे. हे ‘रेडी’ फक्त मागवलेल्या फॉन्टची वाट पाहते. जो फॉन्ट केवळ छपाईच्या मांडणीत आहे तो आधी मागवलेलाच नसतो. म्हणून पडद्यावर आणि कागदावर एकच फॉन्ट ठेवणे उत्तम. सातपुड्याच्या पायथ्याला, सोनाळ्यासारख्या गावात रेंज कमी-जास्त झाली तर हा फरक लगेच कागदावर दिसेल.

क्यूआर कोड चित्र म्हणून ठेवा. सीएसएसची पार्श्वभूमी म्हणून ठेवलात तर तो बहुधा छापलाच जाणार नाही, कारण शाई वाचवण्यासाठी ब्राउझर मागचे रंग आणि चित्रे मुळात वगळतात. एखादा पट्टा किंवा शिक्का छापायलाच हवा असेल तिथे ‘प्रिंट-कलर-ॲडजस्ट: एक्झॅक्ट’ वापरा. क्यूआरभोवती चारही बाजूंनी त्यातल्या चार ठिपक्यांइतकी पांढरी जागा सोडा. ती नसेल तर मोबाइल कोड ओळखेलच असे नाही. कोडला आणि संस्थेच्या चिन्हाला लेझी लोडिंग लावू नका.

बटणाला ‘टाइप=बटण’ द्या. फॉर्मच्या आत हे विसरले तर दाबताक्षणी अर्ज पुन्हा सादर होतो. आणि बटणावर ‘पोचपावतीची प्रिंट काढा’ असे सरळ मराठीत लिहा. नुसत्या प्रिंटरच्या चिन्हावर वयस्क माणसाचे बोट जात नाही.

काय टाळावे

पान उघडताच आपोआप छपाई. माणसाने नाव, गट नंबर, क्षेत्र अजून वाचलेलेही नसते आणि समोर खिडकी येऊन बसते. ती उघडी असेपर्यंत बहुतेक ब्राउझरमध्ये पानाचे बाकी काम थांबते. पुन्हा पुन्हा बोलावले तर सफारी ‘हे पान छपाई करू पाहते आहे’ अशी परवानगी मागते, आणि रांगेतला माणूस गोंधळतो. चूक दुरुस्त करायची संधी छपाईच्या आधी मिळाली पाहिजे, म्हणून छपाई नेहमी माणसाच्या हाताने सुरू होऊ द्या.

अख्खे पान पुसून फक्त पावती ठेवण्याची युक्ती. ही फार पसरली आहे: ‘बॉडी’ चा मजकूर काढून जागी पावती बसवायची, छापायचे, आणि जुना मजकूर परत टाकायचा. दिसायला सगळे पूर्ववत होते. प्रत्यक्षात बटणांना जोडलेल्या क्रिया तुटलेल्या असतात आणि भरलेल्या चौकटी रिकाम्या होतात. एका सातबाऱ्यावर चार भावांची नावे असलेला अर्ज भरून झाला आहे, पहिल्याची पावती काढली, आणि उरलेल्या तिघांची माहिती गेली: असा मनस्ताप सहज टाळता येतो. छपाईत बाकीचे लपवा, किंवा पावती लपवलेल्या चौकटीत, म्हणजे आयफ्रेममध्ये, भरून तेवढीच छापा.

दुसऱ्याच्या पानाला आपले बटण. महाभूलेख संकेतस्थळावरचा सातबारा उतारा आपल्या पानातल्या चौकटीत दाखवून वर स्वतःचे प्रिंट बटण लावण्याचा मोह होतो. तांत्रिकदृष्ट्या ते चालत नाही: वेगळ्या पत्त्यावरच्या चौकटीला छपाईचा हुकूम देऊ लागलात की ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने अडवतो. आणि चालले असते तरी करू नये. तिथे फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. कामासाठी लागतो तो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, जो १ मे २०१८ पासून मिळू लागला आणि १५ रुपये भरून उतरवून घेता येतो. माणसाला सरळ डिजिटल सातबाऱ्याकडे पाठवा, नाहीतर चुकीचा कागद घेऊन तो तहसीलची फेरी मारेल.

‘छपाई झाली’ असे गृहीत धरणे. ‘आफ्टरप्रिंट’ ही घटना खिडकी बंद झाल्याचे सांगते. माणसाने कागद छापला की ‘रद्द करा’ दाबले, हे ती सांगत नाही. तिच्या भरवशावर शुल्क आकारू नका, ‘प्रत दिली’ अशी नोंद करू नका, बटण बंद तर मुळीच करू नका. कागद अडकतो, वीज जाते, शाई संपते. दुसरी प्रत काढता आलीच पाहिजे.

जावास्क्रिप्टच्या लायब्ररीतून मराठी पीडीएफ. जेएसपीडीएफसारख्या लोकप्रिय लायब्ररीत देवनागरी अक्षरांची जुळणी नीट होत नाही. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षरे सुटतात, ‘क्षेत्र’ वाचता येत नाही. काहीजण मग पानाचा फोटो काढून तो पीडीएफमध्ये घालतात; त्यातला मजकूर निवडता येत नाही आणि छापला की कडा पुसट येतात. ब्राउझरच्या छपाईच्या खिडकीत ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ हा पर्याय असतोच, आणि तिथे मराठी पडद्यावर दिसते तशीच शुद्ध उतरते. मराठी पानासाठी साध्या ‘विंडो.प्रिंट()’ चा आग्रह मी धरतो तो मुख्यतः याच कारणाने. नाव चुकीचे छापलेला दाखला म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा प्रश्न असतो.

कृतिदेव, शिवाजीसारखे जुने फॉन्ट. ते नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा छापला जातो. फक्त युनिकोड.

न विचारता छपाईचे आश्वासन. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये खिडकी वगळून छापणे पानाला शक्य नाही, तसे आश्वासन कोणाला देऊ नका. स्वतःच्या काउंटरवरचा संगणक असेल तर गोष्ट वेगळी: तिथे क्रोम ‘--किऑस्क-प्रिंटिंग’ हा पर्याय लावून सुरू केला की पावती थेट ठरलेल्या प्रिंटरवर जाते. अडत दुकानातल्या ८० मिलिमीटर रुंदीच्या थर्मल पट्टीसाठी हे सोयीचे पडते. ‘@पेज’ मध्ये ती रुंदी द्यायला मात्र विसरू नका.

मोबाइल ॲपवर तेच बटण तसेच सोडणे. अँड्रॉइड ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये ‘विंडो.प्रिंट()’ काहीच करत नाही, चूक झाल्याचा संदेशसुद्धा येत नाही. तिथे ‘क्रोममध्ये उघडा’ अशी सूचना दाखवा, किंवा ॲप बनवणाऱ्याकडून अँड्रॉइडची छपाई सोय जोडून घ्या.

पूर्ण आधार क्रमांक छापणे. सेतू केंद्रातला संगणक सगळ्यांचा असतो. जतन केलेली पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते, वाया गेलेली प्रत टेबलाखालच्या टोपलीत जाते. पावतीवर आधारचे शेवटचे ४ आकडे, खाते क्रमांकाचेही शेवटचे ४ आकडे, एवढे ओळख पटायला पुरतात. पडद्यावर पूर्ण क्रमांक दाखवावा लागत असेल तरी छपाईच्या मांडणीत तो झाका. पडद्यावर तो लागत नसेल तर मात्र पानात नुसता लपवून न ठेवता सर्व्हरवरूनच अर्धवट पाठवा.